उत्तर येईपर्यंत

बी.एड.च्या दोन वर्षांत माझ्या काखेत कायम एक काळी गुंडाळी असायची. रोल-अप बोर्ड. जाड कापडाला फळ्याचा रंग दिलेला, वर-खाली लाकडी पट्ट्या, मधोमध सुतळीची गाठ. जांबोटीकडून बेळगावला येणाऱ्या लाल बसमध्ये तो उभा धरला तर छताला लागायचा आणि आडवा धरला तर कुणाच्या तरी पोटात जायचा. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत झाली. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट हातात देतो. माझ्यासारख्या खानापूर तालुक्यातल्या मुलीला रोज ये-जा करून शिकता आलं ते त्या तिकिटामुळे. बेळगावात खोली घेऊन राहण्याएवढे पैसे घरून निघालेच नसते.

कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं, सिस्टर लोकांनी चालवलेलं. पदवी मात्र राणी चन्नम्मा विद्यापीठाची. प्रवेश झाला तेव्हा बाबांना फीची काळजी, आजीला वेगळीच. "किरिस्तांवांचं कॉलेज, तुला चर्चमध्ये नेऊन बसवतील," असं ती चार दिवस म्हणत होती. मला कुणी कुठे नेऊन बसवलं नाही. आमच्या पन्नासांच्या युनिटात ख्रिस्ती मुलं-मुली मोजकीच. बाकी आम्ही मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान, असे सगळे. सकाळी हॉलमध्ये समई लागायची, मागे भिंतीवर क्रूस. दर आठवड्याला आठ जणांच्या एका गटाकडे परिपाठाची जबाबदारी. एक दिवस बायबलमधला उतारा, एक दिवस लिंगायत शरणांचं वचन, एक दिवस अभंग, एक दिवस कुराणातलं काही. मग नाडगीत म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत, बातम्या, आणि सगळ्यात शेवटी दोन मिनिटं मौन.

त्या मौनाचा मला पहिले काही आठवडे फार त्रास व्हायचा. दोन मिनिटं म्हणजे किती वेळ असतो हे कधी नुसतं बसून बघितलेलंच नव्हतं. डोळे मिटले की आत यादी सुरू व्हायची: पाठाच्या टाचणावर सही राहिली, तक्ता रंगवायचा राहिला, परतीची बस. मी एका डोळ्यानं सिस्टरांकडे बघायची. त्या अगदी स्वस्थ उभ्या असायच्या, हात एकात एक, कसलीही घाई नसल्यासारख्या. पुढे वर्गात मला जे शिकायचं होतं ते रोज सकाळी समोर उभं होतं, पण तेव्हा कळलं नाही.

आमच्या गटाची पाळी आली तेव्हा बातम्या कन्नडमध्ये वाचायचं माझ्याकडे आलं. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी म्हणजे अकरावी-बारावी आणि बी.एस्सी. इंग्रजीत, कन्नड बोलायला येतं, वाचायला अडखळतं. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्व वेगळे, दीर्घ वेगळे. मराठी जिभेला तो फरक लागत नाही आणि कन्नड कानाला तो लगेच खटकतो. माझ्या शेजारी बसणारी गोकाकची मैत्रीण आदल्या दिवशी डबा खाता खाता माझ्याकडून वीस-वीस वेळा एकेक शब्द म्हणवून घ्यायची. बदल्यात मी तिला विज्ञानाचे तक्ते काढून द्यायची. सीमाभाग म्हटलं की पेपरात जे येतं ते आम्हालाही माहीत आहे, आमच्या घरांतून त्याच्या आठवणी आहेत. पण त्या बाकावर आम्ही दोघी एकमेकींशिवाय पास होणार नव्हतो, हेही तितकंच खरं.

आठवड्याला एक ठरलेली चाल होती. सोमवारी टाचणवह्या तपासायला द्यायच्या. बुधवारी मानसशास्त्र आणि शिक्षणाचं तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञान शिकवायला एक वयस्क फादर यायचे. लंडन मिशनची माणसं १८२० साली बेळगावात आली, कॅम्पातलं सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ चं, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यांचा भर एकाच गोष्टीवर: शिकवून झाल्यावर मागे वळून बघायचं. दिवस संपताना आज कुठे चुकलं, कुठे कुणाचं ऐकलं नाही, हे स्वतःशी तपासून बघायची जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाची जुनी रीत आहे. त्यांनी आम्हाला एक साधी दोनशे पानी वही करायला लावली आणि शनिवारी त्यात एक पान लिहायला सांगितलं. ते पान ते वाचायचे नाहीत, फक्त लिहिलंय का एवढं बघायचे. गुरुवारी नाटक, चित्रकला, कॉम्प्युटर. शनिवारी अर्धा दिवस श्रमदान आणि वाचनालय.

मंगळवार मात्र आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आणणारा. मंगळवारी सूक्ष्म अध्यापन.

ज्यांनी बी.एड. केलंय त्यांना हे सांगायला नको. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६० च्या दशकात ही पद्धत निघाली. पूर्ण तास शिकवायच्या आधी एकच कौशल्य घ्यायचं, थोडीच मुलं, थोडाच वेळ. आपल्याकडे त्याचं चक्र ३६ मिनिटांचं ठरलेलं आहे: सहा मिनिटं शिकवणं, सहा मिनिटं प्रत्याभरण (काय जमलं, काय चुकलं ते ऐकणं), बारा मिनिटांत टाचण दुरुस्त करणं, पुन्हा सहा मिनिटं शिकवणं, पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. विद्यार्थी म्हणून समोर आपलेच वर्गमित्र बसतात. सज्जता प्रवर्तन (मुलांना विषयासाठी तयार करणं), फलकलेखन, प्रबलन (शाबासकीनं उत्तेजन देणं), चेतक बदल (आवाज, हावभाव बदलत राहणं), असं एकेक कौशल्य करत आम्ही प्रश्न कौशल्यापर्यंत आलो.

माझा घटक होता घर्षण, आठवीचा. मी रात्री साडेअकरापर्यंत जागून टाचण लिहिलं होतं. बोर्डावर अक्षर सुरेख आलं, आवाज खणखणीत. घंटी वाजली तेव्हा मला वाटलं, आज जमलं. मैत्रिणींनीही मान डोलावली. सिस्टर मागच्या बाकावर निरीक्षण तक्ता घेऊन बसल्या होत्या. त्यांनी काही न बोलता कागद माझ्याकडे सरकवला. शेऱ्याच्या रकान्यात एकच आकडा होता: ९.

मला वाटलं दहापैकी नऊ. मी हसलेसुद्धा.

"सहा मिनिटांत तू चौदा प्रश्न विचारलेस," सिस्टर म्हणाल्या. "त्यातल्या नवांची उत्तरं तूच दिलीस." त्या मूळच्या गोव्याकडच्या, मराठी बोलता बोलता कोंकणी यायची. "चड घाई करतेस तू. उत्तर तुला येतं हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांना येतं का, ते कधी बघणार?"

मी पुन्हा कागदाकडे बघितलं. प्रत्येक प्रश्नासमोर त्यांनी बारीक रेघा मारल्या होत्या आणि नऊ ठिकाणी रेघेवर गोल. कान गरम झाले. बारा मिनिटं टाचण दुरुस्त करायला होती, आणि त्यात बदलायला काही सापडेना, कारण चूक टाचणात नव्हतीच.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात ते मोजलं. सरासरी एक सेकंदाच्या आसपास. तेवढ्यात उत्तर आलं नाही की शिक्षक प्रश्न बदलतो, दुसऱ्याला विचारतो, नाहीतर स्वतःच सांगून मोकळा होतो. हाच वेळ तीन सेकंद आणि त्याहून जास्त केला तर मुलांची उत्तरं लांब होतात, न विचारता बोलणारी मुलं वाढतात, "माहीत नाही" कमी होतं. सिस्टरांनी आम्हाला क्रम पाठ करायला लावला: आधी प्रश्न, मग थांबणं, मग नाव. आधी नाव घेतलं तर बाकीचा वर्ग सुटला. ज्याचं नाव घेतलं तो एकटा विचार करणार. आणि प्रश्न एकदाच विचारायचा. आपण तोच प्रश्न तीन वेगळ्या शब्दांत विचारतो तेव्हा मुलाच्या डोक्यात जुळत आलेलं काहीतरी तीनदा मोडतो.

ऐकायला सोपं आहे. करून बघा. वर्गासमोर उभं राहून पाच अंक मनात मोजायचे म्हणजे पायाखाली जमीन नसल्यासारखं होतं. पुढच्या मंगळवारी मी मोजत उभी राहिले तर तीनवर आल्यावर तोंडून "म्हणजे बघा हं..." निघूनच गेलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी मोजण्यात एवढी गुंतले की मैत्रिणीनं दिलेलं उत्तर ऐकूच आलं नाही. गोकाकची मैत्रीण मग माझ्या पाठाला मुद्दाम मागे बसायला लागली. मी तोंड उघडायला लागले की ती बाकावर तळहात पालथा ठेवायची. बाहेर आल्यावर म्हणायची, "स्वल्प तडी, स्वल्प तडी." जरा थांब. बेळगावच्या बसस्टँडवर, बाजारात, दवाखान्यात दिवसातून दहा वेळा कानावर येणारं कन्नड. मी ते शब्द मराठी अक्षरांत टाचणवहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात लिहायला लागले.

तिच्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. माझ्या पाठात मी बोर्डावर "घर्षण" लिहिलं तेव्हा तिचा चेहरा विचित्र झाला. प्रत्याभरणाच्या वेळी म्हणाली, कन्नडमध्येही घर्षणे हाच शब्द आहे, विज्ञानाच्या पुस्तकातही आहे. पण आमच्या घरी पेपरात घर्षणे वाचलं की दोन गटांत मारामारी झाली असं समजतात. आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोलत बसलो. शब्द एक, लिपी वेगळी, आणि ऐकणाऱ्याच्या मनात उभं राहणारं चित्र अगदीच वेगळं. मी तोवर समजत होते की शब्द सांगितला की अर्थ आपोआप पोचला. त्या दिवसापासून मी कुठल्याही संज्ञेआधी मुलांना विचारायला लागले की हा शब्द तुम्ही कुठे ऐकलाय. आणि विचारलं की थांबावं लागतंच.

शुक्रवारी टीका पाठ असायचा. एकानं पूर्ण तास घ्यायचा, बाकी सगळ्यांनी टिपणं काढायची आणि मग तोंडावर सांगायचं. नाव टीका पाठ असलं तरी सिस्टरांचा दंडक होता की आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, त्याही खऱ्या. नुसतं "छान झाला" म्हटलं तर त्या विचारायच्या, कुठल्या मिनिटाला? एकदा एका मुलाचा पाठ पार कोसळला. तक्ता गळून पडला, गणित फळ्यावर चुकलं, तो रडकुंडीला आला. सगळे गप्प. सिस्टरांनी आम्हाला घाई करू दिली नाही. बऱ्याच वेळानं मागून एक मुलगी म्हणाली, चुकल्यावर त्यानं पुसून टाकलं नाही, कुठे चुकलं ते मुलांनाच शोधायला सांगितलं. ते खरं होतं आणि आम्हा बाकीच्यांच्या नजरेतून सुटलं होतं.

डिसेंबरात हॉलच्या कोपऱ्यात ख्रिस्तजन्माचा गोठा केला. गवत माझ्या गावाहून आलं, भाताचं. आजीनंच पेंढी बांधून दिली. बोलली काही नाही, पण पेंढी नीट निवडून, काडीला काडी लावून बांधली होती.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि शाळेत प्रत्यक्ष काम करायचे आठवडे वाढले: पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. माझे सोळा आठवडे खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात गेले, तेही ऐन पावसात. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल. कौलांवरचा आवाज एवढा की पुढच्या बाकावरच्या मुलाशीही ओरडून बोलावं लागतं. पोरं प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेऊन येतात, दप्तर पोटाशी. काही जंगलातल्या गवळ्यांच्या वाड्यांवरून चालत येतात. भातलावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा.

कॉलेजात शिकलेलं थांबणं इथं पहिल्या आठवड्यात पार फसलं. मी प्रश्न विचारून थांबले की वर्गात कुजबुज सुरू व्हायची. मुलांना वाटायचं, बाई विसरल्या. एकानं तर मला पुस्तकातलं पान काढून दिलं. शनिवारच्या वहीत मी लिहिलं की हे आपल्या मुलांना चालणार नाही, त्यांना सवयच नाही. पुढच्या शनिवारी ते वाचलं आणि खोडलं. मुलांना सवय नव्हती ती कुणी त्यांच्यासाठी थांबण्याची. मग मी त्यांना सरळच सांगितलं: मी प्रश्न विचारीन आणि गप्प राहीन. तुम्हीही गप्प राहायचं. हात लगेच वर करायचा नाही. मी फळ्यावर हात ठेवला की मग बोलायचं.

हळूहळू जमायला लागलं. सगळ्यांचं नाही. पुढचे चार-पाच हुशार अस्वस्थ व्हायचे, त्यांचं बोट पटकन वर जायची सवय जाईना.

सिस्टर पाठ बघायला आल्या त्या दिवशी घर्षणच होतं. मुद्दाम नव्हे, घटकांच्या क्रमात तसं आलं. मी विचारलं, "आपण चालताना पाय मागे रेटतो. मग तो मागे घसरून का जात नाही?" आणि गप्प राहिले. पाऊस जरा ओसरला होता, पन्हळीतून पाणी गळत होतं. पुढच्या मुलींनी एकमेकींकडे बघितलं. मी मनात मोजत नव्हते आता, वर्गाकडे बघत होते. शेवटच्या बाकावर एक मुलगा होता, लावणीमुळे दहा दिवसांनी शाळेत आलेला, नखांत अजून चिखल. जून महिन्यापासून तो माझ्या तासाला एक शब्द बोलला नव्हता. त्याचा ओठ हलला आणि परत मिटला. आधीची मी असते तर तिथेच पुढच्या मुलीला विचारलं असतं.

मी फळ्यावर हात ठेवला आणि त्याचं नाव घेतलं.

तो उभा राहिला. परत शांत. वर्ग मागे वळून बघायला लागला. मग तो खाली आपल्या पायाकडे बघत म्हणाला, "बाई, चिखलात आमी पायाची बोटं रुतवतांव. न्हाईतर घसरतंय."

मी लगेच "शाब्बास" म्हणणार होते. उत्तर आल्यावरही थांबायचं असतं, हे रो बाईंनी सांगितलेलं दुसरं थांबणं. ते त्या दिवशी मला आठवलं, कसं कोण जाणे. मी मान हलवली फक्त. तो पुढे बोलला. बांधावर गवत असलं तर बोटं रुतवावी लागत नाहीत. अंगणातल्या दगडावर शेवाळ धरलं की रुतवून उपयोग नसतो, दगडात बोट जात नाही, म्हणून आजी तिथे राख टाकते. माझ्या टाचणात पृष्ठभागाचा खडबडीतपणा, गुळगुळीतपणा, घर्षण वाढवण्याचे उपाय असे तीन मुद्दे दोन पानांत होते. त्यानं ते तीन वाक्यांत, स्वतःच्या पायावरून सांगितले. मी बोर्डावर "घर्षण"च्या शेजारी "रुतवणं" लिहिलं.

मग त्यानं विचारलं, "बाई, मग बेडूक का घसरत न्हाई? तो तर वलाच आसतो."

मला उत्तर येत नव्हतं. मागे सिस्टर बसलेल्या. मी सांगितलं, "मला माहीत नाही. आपण बघू या."

सिस्टरांनी तक्त्यावर काय लिहिलं ते मी त्या दिवशी वाचलंच नाही, बस गाठायची होती. रात्री मोबाइलवर शोधून काढलं की झाडावरच्या बेडकांच्या बोटांना टोकाशी गोल गाद्या असतात, त्यांवर पातळ चिकट ओल असते आणि मधल्या बारीक खाचांतून जादा पाणी निघून जातं. सकाळी सांगायचं म्हणून मी ते वहीत लिहून घेतलं.

सांगायची वेळ आली नाही. तो मुलगा सकाळी स्टीलचा डबा घेऊन आला, झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. आत ओल्या पानाखाली बोटाएवढा तपकिरी बेडूक. मी रोल-अप बोर्ड खिडकीला टेकवून तिरका उभा केला. त्यानं डबा बोर्डाच्या पायथ्याशी उघडला. बेडूक थोडा वेळ तसाच बसला, गळा हलत होता तेवढाच. मग एकेक पाय टाकत तो वर चढायला लागला, कालच्या न पुसलेल्या अक्षरांवरून, आणि जिथे जिथे पाय पडला तिथे खडूत गोल ओला ठसा उठला. छत्तीस पोरं बोर्डाभोवती दाटीनं उभी होती. कुणी बोललं नाही. मीही नाही.